गिधाड जगवायचं तर मेंढी टिकायला हवी

जुलैअखेरची दुपार. क्रोएशियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या त्स्रेस बेटावर चुनखडीचे पांढरे कडे सरळ समुद्रात उतरतात. तिथल्या एका कपारीत गिधाडाचं चार महिन्यांचं पिल्लू बसलंय. अंगाने ते आईबापाएवढं झालंय, पंख पसरले तर अडीच मीटर भरतील, पण उडायचा सराव अजून नाही. तेवढ्यात खाली पर्यटकांची मोटरबोट येते. जवळून फोटो मिळावा म्हणून कड्याला अगदी भिडते. कुणी टाळ्या वाजवतं, कुणी हाका मारतं. पिल्लू बिचकून कपार सोडतं. वारा नेमका पडलेला असतो. ते जिवाच्या आकांताने पंख मारतं, खाली खाली येत जातं आणि पाण्यात पडतं. एकदा पिसं भिजली की त्याला पाण्यावरून उठता येत नाही. कुणी वेळेवर बाहेर काढलं नाही, तर ते बुडून मरतं.

हे तिथे उन्हाळ्यामागून उन्हाळे घडत आलंय. एवढा मोठा, एवढ्या ताकदीचा पक्षी पहिल्याच उड्डाणात समुद्रात का पडतो, हे कळलं की या बेटांवरच्या गिधाडांचा प्रश्न निम्मा कळतो. उरलेला निम्मा मेंढ्यांचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी जागा समजून घेऊ. एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला क्वार्नेरचा उपसागर आहे. त्यातल्या त्स्रेस, क्र्क, पर्विच आणि प्लावनिक या चार बेटांच्या कड्यांवर ग्रिफन गिधाडं घरटी करतात. क्रोएशियन भाषेत या पक्ष्याला ‘ब्येलोग्लावी सूप’ म्हणतात, म्हणजे पांढऱ्या डोक्याचं गिधाड. ही जात स्पेनपासून भारतापर्यंत आढळते आणि बहुतेक ठिकाणी डोंगरातल्या कड्यांवर राहते. क्वार्नेरमध्ये मात्र तिची घरटी थेट समुद्रावर आहेत, काही तर पाण्यापासून जेमतेम दहा मीटर उंचीवर. जगभर पाहिलं तर ग्रिफन गिधाडाची संख्या बरी आहे. क्रोएशियात मात्र मुख्य भूमीवरच्या वसाहती एकेक करून संपल्या. वेलेबित पर्वतातल्या पाक्लेनित्सामधली गिधाडं 1999 च्या सुमारास विषबाधेने नाहीशी झाली. तेव्हापासून या देशात गिधाडांची वीण उरली ती या बेटांवरच.

1980 च्या दशकात इथे जेमतेम दोन डझन जोड्या होत्या. आज शंभराहून जास्त आहेत. ही वाढ खरी आहे आणि कष्टाने मिळवलेली आहे. पण शंभर-सव्वाशे जोड्या म्हणजे किती नाजूक मामला असतो, ते पुढे हिशेब मांडला की दिसेल.

आता उडण्याकडे. गिधाड पंख मारत उडणारा पक्षी नाही. सात-आठ किलोंचं, कधी दहा किलोंपर्यंतचं धूड पंख मारून हवेत ठेवायला फार शक्ती लागते, आणि ज्याला पुढचं जेवण कधी मिळेल हे ठाऊक नाही त्याला ती उधळून चालत नाही. म्हणून ते वर चढणाऱ्या हवेवर स्वार होतं. अशी हवा दोन प्रकारे मिळते. उन्हाने जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. आपल्याकडे दुपारी घारी न हलता गोल गोल वर जाताना दिसतात, त्या याच हवेवर. दुसरा प्रकार कड्याचा. वारा येऊन कड्यावर आपटला की त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो वर वळतो आणि कड्याच्या तोंडाशी हवेचा एक अदृश्य जिना तयार होतो.

समुद्र जमिनीसारखा तापत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या दिवसात पहिला प्रकार पाण्यावर जवळजवळ मिळतच नाही. उरतो दुसरा, आणि तो पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून. क्वार्नेरमध्ये ‘बुरा’ नावाचा थंड, कोरडा वारा वेलेबितवरून खाली कोसळतो. नावाचा आपल्या ‘बुरा’शी संबंध नसला तरी कोळ्यांना आणि नावाड्यांना त्याची दहशत असते. सराईत गिधाड या वाऱ्याचा झोत पाहून निघतं. कधी निघायचं, कुठल्या कपारीपाशी हवा वर उठते, कधी गप्प बसून राहायचं, हे त्याला वर्षांच्या सरावाने कळलेलं असतं. पिल्लाला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते कपारीच्या तोंडाशी उभं राहून पंख फडफडवतं, वारा अंगावर घेऊन पाहतं आणि हवी तशी हवा मिळेपर्यंत थांबतं. हे थांबणंच त्याला वाचवतं. बोट जवळ आली की ते हिरावलं जातं. म्हणून बोटींनी कड्यांपासून लांब राहावं, हा नियम वरवर किरकोळ दिसला तरी पिल्लांच्या जगण्या-मरण्याचा आहे. डोंगरातलं पिल्लू पहिल्या उड्डाणात चुकलं तर उतारावर कुठेतरी उतरतं, धापा टाकत चालत उंचवट्यावर जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. बेटावरच्या पिल्लाला दुसरी संधी सहसा मिळत नाही.

त्स्रेसच्या उत्तर भागात, टेकडीच्या माथ्यावर, बेली नावाचं छोटंसं जुनं गाव आहे. तिथे 1993 साली गोरान सुशिच या पक्षीशास्त्रज्ञाने गिधाडांसाठी केंद्र सुरू केलं. पाण्यात पडलेली पिल्लं तिथे आणायची, वाळवायची, खाऊपिऊ घालायची, मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात उडायचा सराव होऊ द्यायचा आणि मग पायात कडी घालून सोडून द्यायची, असं काम. 2016 पासून तिथलं बचाव केंद्र ‘प्रिरोदा’ ही सरकारी संस्था चालवते. पिल्लं बहुतेक वेळा बोटवाले, कोळी किंवा पर्यटकच आणून देतात. भिजलेल्या गिधाडाच्या डोक्यावर टॉवेल टाकला की ते बरंचसं शांत होतं. चोचीपासून मात्र जपावं लागतं.

एका पिल्लासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर गिधाडाच्या संसारात आहे. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत. नर-मादी आळीपाळीने जवळपास आठ आठवडे ते उबवतात. पिल्लाला उडायला पुढे चार महिने लागतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष एका पिल्लामागे जातं. आणि ते पिल्लू स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. चिमणी एका उन्हाळ्यात जे भरून काढते, त्याला गिधाडाला दशक लागतं.

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. शंभर जोड्या, म्हणजे दोनशे मोठे पक्षी. वर्षाला साठ पिल्लं उडाली असं धरू. त्यातली निम्मी पाच वर्षं टिकली, तर तीस नवे पक्षी विणीच्या वयाला येतात. मोठ्या पक्ष्यांपैकी शेकडा पाच, म्हणजे दहा, दरवर्षी मेले, तर वीसची वाढ. छान चाललंय. आता एका सकाळी एका विषारी मढ्यावर चाळीस मोठी गिधाडं बसली. दोन वर्षांची कमाई तासाभरात गेली. शिवाय त्यांच्या घरट्यांतली त्या वर्षीची पिल्लं उपाशी मरणार, कारण एकटा बाप किंवा एकटी आई पिल्लाला पोसू शकत नाही. पिल्लू गमावणं वाईटच, पण वीण चालू असलेलं मोठं गिधाड गमावणं त्याहून कितीतरी महाग. 2004 च्या अखेरीस जवळच्या राब बेटावर असंच झालं. विषबाधेने एकाच वेळी अनेक गिधाडं मेली. मुद्दाम गिधाडांना मारायला विष ठेवणारे थोडे असतात. ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या जनावरासाठी ठेवलेलं असतं. ते जनावर मरतं आणि त्याला खाणारंही मरतं.

एका मढ्यावर चाळीस गिधाडं कशी जमतात? इथे गिधाडाची सगळ्यात विलक्षण गोष्ट येते. गिधाड एकट्याने अन्न शोधत नाही. सकाळी वसाहतीतले पक्षी आकाशात दूरदूर पांगतात, पण एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. जमिनीवर लक्ष असतं तितकंच ते शेजाऱ्यावर असतं. एकाला मेलेली मेंढी दिसली, तो पंख आवळून खाली निघाला, की शेजारी वळतो. त्याला पाहून त्याच्या पलीकडचा. अर्ध्या तासापूर्वी रिकाम्या असलेल्या आकाशातून डझनावारी पक्षी उतरतात. आपण ‘गिधाडासारखे तुटून पडले’ म्हणतो ते याच दृश्यावरून, आणि शिवी म्हणून म्हणतो. मला ती शिवी अन्यायाची वाटते. एकाला सापडलेलं सगळ्यांना कळावं, अशी ती व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत एक धोका दडलेला आहे. जाळं विरळ झालं की ते काम करेनासं होतं. आकाशात पाचच गिधाडं असतील तर एकाने पाहिलेलं दुसऱ्याला दिसतच नाही. म्हणजे संख्या एका मर्यादेखाली गेली की राहिलेल्यांचीही उपासमार सुरू होते. सायप्रस बेटावर गिधाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तेव्हा नुसतं संरक्षण पुरेना, थेट स्पेनहून पक्षी आणावे लागले. क्वार्नेर तिथवर जाऊ नये, यासाठीच सगळा आटापिटा आहे.

मेंढीचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे. या बेटांवर गिधाडं खातात काय? हजारो वर्षांपूर्वी काय खात असतील ते असो, माणूस इथे कळप घेऊन आल्यापासून ती मेंढ्या खात आली आहेत. मेलेल्या मेंढ्या, हे सांगायला नकोच. गिधाडाचे पंजे शिकार धरण्याजोगे नसतात.

त्स्रेसवर मेंढ्या राखण्याची पद्धत वेगळी होती. बेटावर लांडगा नव्हता, कोल्हा नव्हता. त्यामुळे मेंढ्यांना रात्री कोंडायची गरज नव्हती. बेटभर दगडांचे गडगे रचलेले, मातीचुना न वापरता, नुसते दगडावर दगड. एका गडग्याच्या आवारातलं गवत संपलं की कळप दुसऱ्यात. मेंढ्या बारा महिने उघड्यावर, वीण उघड्यावर, आणि मरणही उघड्यावर. म्हातारी मेंढी मेली, कोकरू थंडीने गेलं, की मेंढपाळाने ते पुरायचं नाही. खडकाळ बेटावर खड्डा खणायचा तरी कुठे? दुसऱ्या दिवशी तिथे हाडं उरत. रोगाची भीती नाही, दुर्गंधी नाही, खर्च नाही. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. मेंढपाळाला फुकटचा सफाई कामगार, गिधाडाला नेमाचं जेवण. हा करार कुणी लिहिला नव्हता, पण तो शतकानुशतकं पाळला गेला.

मग बेटावरचे लोक कमी होऊ लागले. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, माणसं शहरांत गेली, परदेशी गेली. राहिलेल्यांना पुढे पर्यटनात जास्त पैसा दिसू लागला, आणि त्यांना दोष देता येत नाही. मेंढ्या घटल्या. मेंढ्या घटल्या की माळावर झुडपं माजतात. इथे आणखी एक अडचण उभी राहते, जी पटकन लक्षात येत नाही. गिधाड वासावर नाही, नजरेवर अन्न शोधतं. झुडपांनी माळ झाकला की मेलेली मेंढी असली तरी वरून दिसत नाही आणि दिसली तरी एवढ्या पंखांनिशी झाडीत उतरता येत नाही. म्हणजे जिवंत मेंढी जो माळ मोकळा ठेवते, त्याच माळावर मेलेली मेंढी गिधाडाला सापडते.

त्यात 1980 च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी त्स्रेसवर रानडुकरं आणली गेली. या बेटावर ती कधी नव्हती. रानडुक्कर गडगे ढासळवतं, कुरणं उकरतं, आणि उघड्यावर जन्मलेली कोकरं खातं. मढ्यावर ते गिधाडाच्या आधी पोचतं ते वेगळंच. ज्या बेटावर शिकारी प्राणी नाही म्हणून मेंढ्या मोकळ्या सोडता येत होत्या, तिथे माणसाने स्वतः कोकरं खाणारा प्राणी आणून सोडला. दरवर्षी कोकरं जाऊ लागली तसा एकेक जण कळप विकून मोकळा झाला. गिधाडांबद्दल वाचताना रानडुकराचा उल्लेख ओळीभरात संपतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर असायला हवा. बोटीने पिल्लू पाण्यात पडतं ते दिसतं, मोजता येतं, त्याचा फोटो निघतो. कळप विकला गेला तर त्याचा फोटो कुणी काढत नाही.

शिवाय जी जनावरं आहेत, ती मेल्यावर उघड्यावर ठेवायलाही कायद्याची अडचण आली. युरोपात गाईंच्या मेंदूच्या रोगाची साथ आल्यानंतर, 2002 च्या नियमांनी मेलेली गुरं उचलून नष्ट करणं सक्तीचं झालं. हेतू रास्त होता, पण स्पेनमध्ये गिधाडांची उपासमार सुरू झाली. पुढे नियम बदलले आणि गिधाडांसाठी ठरावीक ठिकाणी, परवानगीने मढी ठेवता येऊ लागली. क्रोएशिया 2013 मध्ये युरोपीय संघात गेल्यावर त्यालाही हे नियम लागू झाले.

म्हणून आता खाद्यस्थळं आहेत: कुंपण घातलेली मोकळी जागा, जिथे शेतावर किंवा कत्तलखान्यात निघालेलं, औषधांचा अंश नसलेलं मांस नेऊन टाकतात. यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फायदा उघड आहे. अन्न खात्रीचं, विषापासून सुरक्षित. तोटा असा की एकाच जागी रोज ताट वाढलं तर दांडगे पक्षी तिथेच ठाण मांडतात, दुबळ्या आणि लहान पक्ष्यांना मागे सारतात. आकाशात पांगून शोधण्याची सवयही मोडते. सार्डिनिया बेटावर यावर चांगला मार्ग निघाला. तिथे 2015 पासूनच्या एका मोठ्या प्रकल्पात एका जागेऐवजी अनेक शेतकऱ्यांना आपापल्या शेतावरच मेलेलं जनावर गिधाडांसाठी ठेवण्याची परवानगी मिळाली. अन्न विखुरलं, कधी इथे कधी तिथे, जसं पूर्वी होतं तसं. शेतकऱ्याचा मढं नेण्याचा खर्च वाचला. तिथली गिधाडं वाढली. मला हा मार्ग सर्वांत पटतो, कारण त्यात जुना करार पुन्हा जोडला जातो, फक्त आता कागदावर.

औषधाचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या घरची आहे. भारतात 1990 च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडं करोडोंवरून हजारोंवर आली. कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. हे सगळं जगाला माहीत झाल्यावर, 2013 मध्ये, स्पेनमध्ये हेच औषध गुरांसाठी विकायला परवानगी मिळाली. इटलीतही ते मिळतं. 2020 मध्ये स्पेनमध्ये गिधाडाचं एक पिल्लू त्याने मेल्याचं सिद्ध झालं. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय हाताशी असताना हे का चालू ठेवायचं, याचं पटणारं उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

बेटाबाहेर

इटलीतल्या औषधाची काळजी क्वार्नेरच्या गिधाडांना का असावी? कारण पिल्लं बेटावर राहत नाहीत. उडायला शिकली की ती निघून जातात. क्वार्नेरची तरुण गिधाडं इटलीच्या ईशान्येला कोर्निनोपाशी दिसतात, जिथे गिधाडं पुन्हा वसवण्याचा प्रकल्प आहे. उन्हाळ्यात ती ऑस्ट्रियात होहे टाउर्नच्या पर्वतात पोचतात. तिथेही काय शोधतात? उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर चरायला नेलेल्या मेंढ्यांचे कळप. पायातल्या कडीवरचा क्रमांक दुर्बिणीने वाचून आणि पाठीवरच्या छोट्या उपग्रह यंत्रांवरून हे सगळं समजलं. म्हणजे बेटावरचे कडे राखीव केले, तरी गिधाडाचं आयुष्य अनेक देशांच्या विजेच्या तारा, पवनचक्क्या, शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या आणि औषधांच्या दुकानांमधून जातं. कडे राखीव करणं हा त्यातला सोपा भाग होता. क्र्कवरचा राखीव पट्टा 1969 चा आहे आणि त्स्रेसवरचे दोन 1986 चे.

भटकणारी ही तरुण पाखरं चार-पाच वर्षांनी बहुतेक करून जन्मल्या कड्यांपाशीच परत येतात, जोडीदार निवडतात आणि कपार धरतात. अंडं पडतं तेव्हा बुरा जोरात असतो, पर्यटक गेलेले असतात, बोटी बंदरात बांधलेल्या असतात. पुढे हिवाळा सरता सरता कपारींत पिल्लं अंड्यातून बाहेर येतात. वरच्या माळावर, गडग्यांच्या आडोशाला, साधारण त्याच दिवसांत मेंढ्या वितात. ज्यांनी अजून कळप विकलेले नाहीत ते मेंढपाळ तेव्हा पहाटे निघून कोकरं मोजत फिरतात, आणि त्यांच्या डोक्यावर दूरदूर पांगलेली, एकमेकांवर नजर ठेवून असलेली गिधाडं तोच माळ न्याहाळत असतात.